आधी बंद, मग विचारा

आमच्या केंद्रात विमान कधीच आलं नाही. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. विमानांच्या संशोधनाचं आणि चाचण्यांचं सरकारी केंद्र, मुळशीच्या डोंगराआड, फाटकावर बंदूकवाला, आणि आत विमान नाही म्हणजे काय? आमच्याकडे होती फक्त इंजिनं. लोखंडी चौकटीला बोल्टांनी आवळलेली, सुरू केली की जागच्या जागी गर्जणारी. ती तासन् तास चालवायची, तापवायची, त्यांच्यात पाणी सोडायचं, वाळू टाकायची आणि कुठवर तग धरतात ते बघायचं. आकाशात जे व्हायला नको ते आधी जमिनीवर होऊ द्यायचं, हे आमचं काम. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत विचारत होत्या, "तुमचं इमान उडतंय कवा?" मी म्हणायची, उडत नाही आत्याबाई, नुसतं ओरडतं. "मंग पगार कशाचा घेताय?" यावर नवरा हसत घराबाहेर सटकायचा.

नवऱ्याला मी तोंडावर अहो म्हणत होते आणि मनात तो. हे मनातलं लिहितेय, म्हणून इथेही तोच.

मी सोलापूरकडची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन इथे नोकरीला लागले, तेव्हा मुळशी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. ट्रंकेतल्या चपलांना बुरशी येते असा मुलूख मी कधी पाहिला नव्हता. माणसंही मला तशीच वाटायची, ओली आणि अडमुठी. तो इथलाच, कोळवण खोऱ्यातला. घरी भातशेती, शिक्षण आयटीआय. कागदोपत्री मी त्याच्या वर होते, म्हणून तो मला मॅडम म्हणायचा. लग्नानंतरही मॅडमच म्हणत राहिला. भाजीत मीठ कमी पडलं की, "मॅडम, रीडिंग कमी येतंय." मला राग यायचा. रागवायला मला फार काही लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आमचं काम कसं चालायचं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इंजिन चालू असताना त्याच्या खोलीत कुणी थांबत नाही. एका भिंतीत जाड काच, तिच्यामागे कंट्रोल रूम आणि तिथे थ्रॉटलवर मी. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा दांडा. समोरच्या भिंतीतही तशीच काच, तिच्यामागे अरुंद बोळ आणि त्या बोळात तो उभा. मीटरवर जे दिसत नाही ते डोळ्यांनी बघायचं, हे त्याचं काम. कुठे तेल झिरपतंय का, एखादी नळी थरथरतेय का, धूर आहे का. फोन होता, पण त्या आवाजात तो भिंतीवर शोभेपुरता. बोलणं सगळं हातांनी. तळहात वर केला की वेग वाढव, मूठ दाखवली की आहे तिथे ठेव. आणि आडवा हात गळ्यावरून या कानापासून त्या कानापर्यंत ओढला की बंद कर.

या शेवटच्या खुणेचे नियम कामावर रुजू होण्याच्या दिवशी, ओळखपत्र मिळायच्याही आधी सांगितले जात. खूण कुणीही करो, साहेब करो की झाडू मारणारा, थ्रॉटलवाल्याने का म्हणून विचारायचं नाही. आधी बंद, मग विचारा. आणि बंद झालं म्हणून नंतर कुणालाही बोल लावायचा नाही, कारण एकदा बोल बसला की पुढच्या वेळी माणूस हात उचलायला कचरतो. आणखी एक, थ्रॉटल ज्याच्या हातात आहे त्यानेच तीच खूण उलट त्याला करून दाखवायची. त्यावरून पलीकडच्याला कळतं की आपलं पाहिलं गेलं. तोवर त्याने हात खाली घ्यायचा नाही.

बंद केल्यावरही इंजिन लगेच थांबत नाही. आतली पाती फिरत राहतात, आवाज उतरत जातो, मग नुसती घरघर, मग तीही बारीक होते. तेवढा वेळ सगळे उभे राहायचे. कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही, कारण आत काही घासत असेल तर ते त्या उतरत्या आवाजातच ऐकू येतं. शेवटी तो दार उघडून आत जायचा, इंजिनाच्या नाकाडावर तळहात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "थांबलं." मग खुर्च्या सरकायच्या, कँटीनचा चहा आत यायचा. मोठे साहेबसुद्धा त्या शब्दाआधी कधी बसले नाहीत. नियमात हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण चालत आलं होतं.

आमची ओळख मात्र झाली ती खाजेमुळे.

थंडीचे दिवस होते. एक इंजिन दिवसरात्र न थांबवता चालवायचं होतं. मधे थांबलं तर झालेलं सगळं वाया आणि पुन्हा पहिल्यापासून. बरेच दिवस निभावलं होतं. ते बघायला दिल्लीचे साहेब लोक आले होते आणि माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे होते. समोरच्या काचेआड तो, गळ्यात पौडच्या बाजारातून आणलेला नवाकोरा लोकरी मफलर. इंजिन मस्त चाललं होतं. आणि त्याने आडवा हात गळ्यावरून ओढला. मी क्षणभरही थांबले नाही. बंद केलं, खूण उलट दाखवली. माझ्यामागे कुणीतरी इंग्रजीत किंचाळलं. तो काचेआडून माझ्याकडे बघत राहिला, त्याला कळेना की मी बंद का केलं. मग त्याने मान खाली घालून मफलरकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला की आजही मला हसू येतं.

पाती थांबली. तो आत गेला, हात ठेवला, "थांबलं" म्हणाला. आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय दिसलं?"

"काय न्हाई साहेब. मान खाजवली."

दिल्लीवाले लाल झाले. आमच्या साहेबांनी वहीत वेळ लिहून घेतली. मग म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा पहिल्यापासून." बस. एवढंच. त्याला कुणी काही बोललं नाही, मलाही नाही. संध्याकाळी मी केंद्राच्या बसची वाट बघत उभी होते, तेव्हा तो आला आणि थोडा लांबच थांबला. "मॅडम, तुमचं काय चुकलं न्हाई. माजी मान चुकली." त्याच्या मानेवर खरंच लाल चट्टे उठले होते. मी म्हटलं, लोकर अंगाला सहन होत नाही तर घालता कशाला? "लई थंडी हाय हितं." मग आम्ही दोघंही हसलो. माझं लग्न त्या हसण्यातून झालं, बाकीच्या गोष्टी नंतर जुळवाव्या लागल्या. सोलापुरात माझ्या वडिलांनी धरलेला अबोला आणि इथे सासूबाईंची धुसफुस, दोन्ही यथावकाश निवळली.

पण त्या दिवसापासून त्याने एक धरलं ते धरलंच. खुणेशिवाय गळ्याकडे हात न्यायचा नाही. केंद्रात नाही आणि घरीही नाही. डास चावला तरी मान भिंतीला घासेल, हात वर करणार नाही. शर्टाचं वरचं बटण मी लावून द्यायची. उन्हाळ्यात घामोळं आलं की गळ्याला पावडर मी लावायची. दाढी करताना गळ्यावर वस्तरा फिरवायची वेळ आली की तो न्हाणीचं दार लोटून घ्यायचा. मी चिडवायची, आरशातला थ्रॉटलवाला इंजिन बंद करेल म्हणून घाबरताय का? तो म्हणायचा, "मॅडम, त्यो हात एकदा खोटा झाला. परत न्हाई व्हायचा." वेडेपणा होता खरा. पण त्या वेडेपणाची मला इतकी सवय झाली की लग्नकार्यात कुणी सहज गळा खाजवला तर मीच दचकायची.

खूण मात्र आमच्या घरात राहायला आली. आमचा मुलगा, एकुलता एक, पाच-सहा वर्षांचा असताना गावच्या जत्रेत पाळण्यासाठी जमिनीवर लोळून रडत होता. माझा हात उठणारच होता. नवऱ्याने समोर उकिडवं बसून त्याला खूण दाखवली आणि समजावलं, ही केली की आधी बंद, मग आपण बोलायचं. पोराला ते एवढं आवडलं की घरी येईपर्यंत त्याने आमच्याकडून दहा वेळा बंद करवून घेतलं. पुढे आमची भांडणंही त्यावर थांबायला लागली. मी तावातावाने बोलत असले की दारात उभं राहून पोरगं गळ्यावरून हात ओढायचं. बाकी कुणाला जुमानत नसले तरी त्या हातासमोर मी गप्प व्हायची. मग दोघांनाही त्याला उलट खूण करून दाखवावी लागे, नाहीतर त्याचा हात खाली येत नसे.

एकदाच ती खूण फार महागाची निघाली. मुलगा इंजिनिअर झाला आणि हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी घेऊन आला. बापाच्या मनात होतं की पोराने केंद्रात यावं, खऱ्या इंजिनांवर काम करावं. "कागदाबिगर, वंगणाबिगर काम, त्ये कसलं काम?" असं म्हणता म्हणता आवाज चढला, नको ते शब्द निघाले. मुलगा पांढराफटक पडला होता. त्याने काही न बोलता हात गळ्यावरून ओढला आणि तसाच धरून उभा राहिला. बापाने दात आवळले. मग हळूहळू उलट खूण केली आणि खाली बसला. नंतर बराच वेळ दोघं बोलत होते. मी मुद्दाम आत भांडी घासत बसले. मुलगा हिंजवडीलाच गेला आणि बापाने त्यावर परत कधी तोंड उघडलं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही केंद्राची वसाहत सोडून कोळवणच्या खोऱ्यात त्याच्या वाटणीच्या जागेवर छोटं घर बांधलं. केंद्र डोंगराच्या पलीकडे. वारा तिकडचा असला की चाचणीचा आवाज घरापर्यंत येतो. शनिवार-रविवारी आजूबाजूच्या फार्महाउसांवर शहरातल्यांची गाणी चालतात, त्यातूनही तो आवाज त्याला वेगळा काढता यायचा. अंगणात उभा राहून ऐकायचा. आवाज उतरायला लागला की तो पुटपुटायचा, "थांबलं," आणि मगच कामाला लागायचा. मी म्हणायची, पेन्शन मिळतेय, आता तरी ड्युटी सोडा.

मग त्याला दम लागायला लागला. आधी चढावर, मग खाचराच्या बांधावर, मग घरातल्या घरात. तपासण्यांमध्ये निघालं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, वाळलेल्या घोसाळ्यासारखी. कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. औषधांनी जाणारं दुखणं नाही, फक्त लांबवता येतं, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. तो त्याला कान लावून म्हणाला, "मॅडम, ह्याचं बेरिंग आवाज करतंय." दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर बेरिंग ठणठणीत निघालं. चुकलेलं त्याला आवडलं नाही, दिवसभर यंत्राकडे पाठ करून बसला. मरणाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मी विचारलंही नाही. आम्हा दोघांनाही वाटत होतं की अजून वेळ आहे.

भात झोडून झालं आणि त्याला ताप आला. मुलाने गाडी काढली आणि हिंजवडीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्याच्या कंपनीचा विमा होता, डॉक्टरांचं इंग्रजी त्याला कळत होतं, म्हणून सगळं बोलणं, सह्या, होकार-नकार त्याच्याकडे. मीच म्हटलं होतं, तूच बघ बाबा, माझं डोकं चालत नाही. अतिदक्षता विभागात एका वेळी एकालाच सोडत. त्या खोलीलाही एक मोठी काच होती. आत मी असले की मुलगा काचेबाहेर, मुलगा आत गेला की मी. नवऱ्याच्या नाकातोंडावर घट्ट मास्क, त्यातून यंत्र हवा आत ढकलत होतं. बोलता येत नव्हतं.

एके दुपारी डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाहेरून आणि मला आतून दारापाशी बोलावलं. लेकीच्या वयाची मुलगी, डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली, "मास्कवर आता भागत नाहीये. श्वासनलिकेत नळी टाकून मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल. इन्फेक्शन निवळलं तर नळी काढता येईल. पण खोटं सांगत नाही, अशा फुप्फुसांत नळी पुष्कळदा नंतर निघत नाही. तुम्ही ठरवा. फार वेळ मात्र नाही."

मुलगा लगेच म्हणाला, "टाका. काहीतरी चान्स आहे ना? टाका." मी वळून पलंगाकडे बघितलं. डॉक्टरीणबाई पलंगाशी आल्या आणि वाकून नवऱ्याला विचारलं, "काका, नळी टाकू का? मशीन तुमच्यासाठी श्वास घेईल."

त्याने उजवा हात उचलला. आडवा करून त्याने तो मास्कच्या खालून, गळ्यावरून, या कानापासून त्या कानापर्यंत ओढला.

मफलरच्या दिवसापासून तो हात खुणेशिवाय गळ्यापाशी गेलेला मी बघितला नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुदमरतंय म्हणून गळ्याशी हात जातोय. सगळ्यांचं होतं असं. कार्बन डायऑक्साइड वाढलाय, त्याने समजही थोडी कमी होते. सकाळपासून काहीही विचारलं तरी मान हलवतायत, त्यामुळे त्यांच्या होकार-नकारावर जाता येणार नाही." त्यांचं काही चुकत नव्हतं. सकाळी मी चहा हवा का विचारलं, पाऊस पडतोय का विचारलं, दोन्हीला त्याने मान हलवली होती. पण मानेचं वेगळं होतं. हा तो हात होता.

मी बाहेर आले आणि मुलाला सांगितलं. तो रागावला. माझा राग त्याच्यात उतरलाय.

"आई, त्यांना शुद्ध नाहीये धड."

"मफलरची गोष्ट तुला माहीत आहे."

"माहीत आहे. शंभर वेळा ऐकलीय. म्हणून काय मी त्यांना मरू देऊ?"

"खुणेशिवाय त्यांनी गळ्याला हात कधी लावलेला बघितलास तू? जन्मात कधी?"

त्याच्या हातात पेन होतं, ते तो उघडत होता आणि मिटत होता. मी म्हटलं, "आपल्या घरात काय ठरलंय? आधी बंद, मग विचारा."

"आणि मग विचारायचं कुणाला, आई?"

यावर मी आजही विचार करते. मला नवरा हवा होता. नळी घातलेला, न बोलणारा, मशीनवरचा, कसाही. मुलापेक्षा जास्त हवा होता, हे त्या पोराला सांगून कळलं नसतं. नको म्हणायला मला काही बळ आलेलं नव्हतं. फक्त इतकी वर्षं मी त्या हाताला का म्हणून विचारलं नव्हतं आणि आज विचारायला जीभ उचलत नव्हती.

मी परत आत गेले. त्याचा हात अजून गळ्यापाशीच होता. दमून खाली घसरायचा, तो डाव्या हाताने कोपर धरून परत वर उचलायचा. मी त्याच्या समोर उभी राहिले आणि खूण उलट करून दाखवली. पाहिलं मी. कळलं मला. घ्या खाली हात.

त्याने घेतला नाही. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही नीट. माझ्या खांद्यावरून तो पलीकडे काचेकडे बघत होता. मला कळायला थोडा वेळ लागला आणि मग मी पलंगाची कड घट्ट धरली. थ्रॉटल माझ्या हातात नव्हता. मीच तो दुसऱ्याच्या हातात दिला होता आणि त्याला ते ठाऊक होतं. माझं उत्तर चालणार नव्हतं.

मी बाजूला सरकले. मुलगा काचेला लागून उभा होता. बाप त्याच्याकडे बघतोय, हात गळ्यापाशी धरलेला. मुलगा नाही नाही अशी मान हलवत होता. त्याने डोळे पुसले, पाठ फिरवली, मला वाटलं निघून जाईल. मग तो परत वळला. नोकरीचा, लेकराबाळांचा माणूस, पण काचेपलीकडे मला जत्रेतलं पोरगं दिसलं. त्याने पेन खिशात ठेवलं, हात उचलला आणि गळ्यावरून ओढला, सावकाश, अगदी या कानापासून त्या कानापर्यंत, बापाने शिकवला तसा.

नवऱ्याचा हात चादरीवर खाली आला.

पुढचं हॉस्पिटलाने फार माणुसकीने केलं. मास्क काढून नाकाशी ऑक्सिजनची साधी नळी ठेवली, दम लागून जीव घाबरा होऊ नये म्हणून औषध दिलं आणि मुलालाही आत घेतलं. मास्कचे वळ त्याच्या गालांवर उमटले होते. मुलगा त्याच्या तोंडाशी वाकला आणि त्याने विचारलं. नियमाप्रमाणे, मग.

"बाबा, का?"

"दमलो रे." मग तो थांबला, दोन-तीन श्वास गोळा केले आणि डोळे माझ्याकडे वळवले. "मॅडम. ह्याला कुनी बोल लावायचा न्हाई."

त्यानंतर तो बोलला नाही. नर्सने स्टुलं आणून ठेवली, पण आम्ही दोघंही बसलो नाही. एकमेकांना काही सांगितलं नव्हतं तरी उभेच राहिलो. श्वासाचा आवाज उतरत गेला. दोन श्वासांमधली जागा मोठी होत गेली. मुलगा कान त्याच्याजवळ नेऊन ऐकत होता, मला कळत होतं तो काय ऐकतोय. कुठे घासत नव्हतं. सगळं नीट उतरत होतं. खिडकीबाहेर हिंजवडीच्या कंपन्या सुटल्या होत्या आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती.

मग आवाज आला नाही. आम्ही वाट बघितली, तरी आला नाही. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, घड्याळ पाहून इंग्रजीत काही म्हटलं, आणि हळूच बाहेर गेल्या. मी त्याच्या छातीवर तळहात ठेवला. मुलगा माझ्याकडे बघत उभा होता. तो कशाची वाट बघत होता ते मला माहीत होतं. तो शब्द कुणीतरी म्हटल्याशिवाय आम्हाला तिथून हलता येत नव्हतं. पण तो म्हणायचं काम माझं कधीच नव्हतं. माझं काम बंद करायचं. आत जाऊन हात ठेवून सांगणारा तो होता. माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेवटी वॉर्डबॉय आला, त्याने आम्हाला धरून बाहेर आणलं.

दहाव्याला घाटावर भावकीतले एक जण मुलाला ऐकू जाईल असं म्हणाले, नळी टाकली असती तर माणूस हाती लागला असता. मी तिथेच, सगळ्यांसमोर त्यांना असं सुनावलं की त्यांनी जेवायला थांबायचंही नाकारलं. मला त्याचं काही वाटत नाही. मला काम सांगून गेलाय तो, तेवढं मी करणार.

मुलगा आता आठवड्यातले दोन-तीन दिवस इथूनच लॅपटॉपवर काम करतो. मी एकटी पडू नये म्हणून येतो, असं तो म्हणत नाही. नेट चांगलं आहे म्हणतो, जे खोटं आहे. परवा दुपारी वारा डोंगरापलीकडचा होता. मी ओट्याशी भांडी धूत होते आणि केंद्रातलं इंजिन ऐकू येत होतं, बराच वेळ. मग ते बंद झालं. आवाज उतरायला लागला. माझा हात भांड्यावरच थांबला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बघितलं तर मुलगाही मीटिंग तशीच सोडून उभा राहिला होता. घरघर बारीक होत गेली, मग ऐकू येईना. तिकडे आता दुसरं कुणीतरी दार उघडून आत जात असेल, नाकाडावर हात ठेवत असेल आणि म्हणत असेल. ते इथवर ऐकू येत नाही.

नळ वाहत होता. आम्ही दोघं उभे होतो.